वारशात आलेली खेळण्यातली जुनी रेल्वे : ओळख, किंमत आणि विक्री – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडा पाडायला निघाला, चाळ पुनर्विकासाला गेली, आजी-आजोबांचं घर आवरायची वेळ आली, की माळे रिकामे होतात. मग एखाद्या ट्रंकेतून पत्र्याचं इंजिन निघतं, त्याचे फोटो निघतात आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. मी अशा गाड्या जमवतो आणि दुरुस्त करतो. लोक विचारतात ते प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आपल्याकडे ‘टॉय ट्रेन’ म्हटलं की नेरळ-माथेरान आठवतं. इथे मात्र जमिनीवर किंवा टेबलावर रूळ जोडून चालवायच्या, मुख्यतः १९०० ते १९७० या काळातल्या परदेशी बनावटीच्या गाड्यांबद्दलच बोललो आहे.

१. आजोबांच्या ट्रंकेत पत्र्याची रेल्वे सापडली. सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका. हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, पण सर्वांत जास्त नुकसान पहिल्या संध्याकाळीच होतं. कुणीतरी ओलं फडकं फिरवतं, कुणी चावी पिळतं, कुणी फाटकी खोकी रद्दीत टाकतं.

ट्रंक उघडल्यावर वस्तू जशा ठेवल्या होत्या तसाच एक फोटो काढा. मग एकेक वस्तू बाहेर काढून पांढऱ्या चादरीवर ठेवा आणि उजेडात चारही बाजूंनी व खालून फोटो घ्या. फ्लॅश नको. सुटे स्क्रू, चाव्या, बफर, तुटके दांडे, कागदाचे कपटे, सगळं एका डब्यात ठेवा. चावी हरवलेली गाडी आणि चावीसकटची गाडी यांत फरक पडतो. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर ही गाडी कुणी, कुठून, केव्हा आणली ते त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून घ्या. बाकीची कामं पुढच्या महिन्यात केली तरी चालतात.

२. ही कुणी बनवली, केव्हा बनवली, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडच्या घरांतून सर्वांत जास्त निघते ती हॉर्नबी. फ्रँक हॉर्नबी हे लिव्हरपूलचे. त्यांनी १९०१ मध्ये धातूच्या पट्ट्या जोडायच्या ज्या खेळण्याचं पेटंट घेतलं तेच पुढे मेकॅनो झालं, आणि त्यांच्या मेकॅनो लिमिटेड कंपनीने १९२० मध्ये चावीची रेल्वे आणली. म्हणून इंजिनावर किंवा डब्यावर ‘मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल’ असं बारीक अक्षरात दिसतं. अगदी सुरुवातीच्या गाड्या मेकॅनोसारख्याच नट-बोल्टांनी जोडलेल्या होत्या. पुढे पत्र्याच्या जिभा वळवून जोडायची पद्धत आली. तुमच्या डब्याला खरेच नट-बोल्ट असतील तर तो १९२० च्या दशकातला असण्याची शक्यता बरीच आहे. मग प्रश्न १५ जरूर वाचा.

१९३८ मध्ये याच कंपनीने हॉर्नबी डब्लो आणली. ती आकाराने निम्मी. इंजिनं ओतीव धातूची, वजनाला भारी, आणि बहुतेक विजेवर चालणारी. सुरुवातीची डब्लो तीन रुळांची, १९५९ पासून दोन रुळांचीही. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ‘ट्राय-अँग’ या नावाने खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनी घेतली. त्यामुळे खोक्यावर ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ अशी जोडनावं असतील तर गाडी १९६५ किंवा नंतरची.

जर्मनीतल्या दोन कंपन्या लक्षात ठेवा. पहिली ग्योपिंगेनची मर्क्लिन. १८५९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आजही चालू आहे. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने ठरावीक मापांचे रूळ आणि त्यांना बसणाऱ्या गाड्या मांडल्या. आज आपण ‘गेज’ म्हणतो ती मापं तिथून रुळली. जुन्या मर्क्लिनवर जी आणि एम ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. दुसरी न्यूरेंबर्गची बिंग. पहिल्या महायुद्धापर्यंत जीबीएन आणि नंतर बीडब्ल्यू ही तिची खूण. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिसरी कंपनी इंग्लंडमधली, नॉर्थहॅम्प्टनची बॅसेट-लोक. ती बराच माल बिंगकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकत असे, तेव्हा दोन्ही खुणा एकाच गाडीवर दिसल्या तर गोंधळू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली असेल तर बहुधा लायनेल. १९०० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली. तिथे इंजिनाच्या केबिनवर किंवा डब्यावर छापलेला क्रमांक हाच मुख्य धागा असतो. तो शोधात टाकला की बहुतेक वेळा मॉडेल सापडतं.

३. गाडीवर कंपनीचं नावच नाही. ‘डीआरजीएम’ एवढंच कोरलंय. ही कुठली कंपनी?

ही कंपनी नाही. जर्मनीत नोंदवलेल्या रचनेची ती खूण आहे. डीआरपी असेल तर पेटंटची. गाडी जर्मन आहे एवढंच त्यावरून कळतं. न्यूरेंबर्गमध्ये बिंगबरोबर बुब, डिस्टलर असे कितीतरी कारखाने होते आणि त्यातल्या अनेकांनी इंजिनावर पूर्ण नाव कधीच घातलं नाही. ‘यूएस झोन, जर्मनी’ असा शिक्का असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांतली. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का १९५२ पर्यंतचा.

४. टेंडरवर (इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर) एलएमएस लिहिलंय. म्हणजे ही खऱ्या रेल्वे कंपनीने बनवलेली आहे का?

नाही. खेळणं हॉर्नबीचंच, रंग आणि अक्षरं मात्र त्या काळातल्या खऱ्या ब्रिटिश रेल्वे कंपनीची. हीच अक्षरं काळ ओळखायला उपयोगी पडतात. १९२३ मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे कंपन्यांचं चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झालं : एलएमएस, एलएनईआर, जीडब्ल्यूआर आणि सदर्न. १९४८ मध्ये चौघींचं राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज आली. म्हणून एलएमएसची अक्षरं असतील तर गाडी १९२३ च्या आधीची असणं कठीण. उलटा नियम मात्र लावू नका. कारखान्याने जुनी अक्षरं १९४८ नंतरही काही वर्षं वापरली.

हाच डबा दोन रंगांत आला असेल तर किमतीत मोठा फरक पडतो. सदर्नच्या हिरव्या रंगातल्या वस्तू त्या काळी कमी खपल्या, म्हणून आज त्या जास्त मागितल्या जातात.

५. गेज कसं मोजायचं?

पट्टीने, दोन बाहेरच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. ४५ मिलिमीटर म्हणजे एक नंबर गेज, ३२ म्हणजे ओ, १६.५ म्हणजे ओओ किंवा एचओ, ९ म्हणजे एन. मधला तिसरा रूळ असेल तर तो मोजायचा नाही, तो विजेसाठी असतो. रूळ नसतील तर चाकांच्या आतल्या बाजूच्या कडांवरून अंदाज येतो. चौकशी करताना पहिलं वाक्य गेजचंच असू द्या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

६. चावी फिरवून चालते का बघू?

अजून नको. साठ-सत्तर वर्षं पडून असलेल्या यंत्रातलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, आणि ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट फाडते. आधी चाकं हाताने अलगद हलतात का पाहा. हलत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आसांवर द्या, एक दिवस थांबा, मग दोन-तीनच वेढे द्या. खोबरेल तेल कधीही नाही. ते थंडीत गोठतं, नंतर राळेसारखं होतं. खोबरेलाने जाम झालेली इंजिनं मी मोजायची सोडून दिली आहेत.

७. इलेक्ट्रिकची आहे. घरच्या प्लगला लावून बघायला काय हरकत आहे?

जिवाची हरकत आहे. हॉर्नबीचं पहिलं विजेचं इंजिन १९२५ चं मेट्रोपॉलिटन. ते थेट घरच्या विजेवर, मध्ये दिवा जोडून, चालवायची सोय होती. म्हणजे उघड्या रुळांत जीवघेणा दाब! त्यानंतरच्या गाड्या ४, ६, १२, २० व्होल्टच्या आहेत. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्टसाठी असतात आणि आपल्या २३० व्होल्टवर लगेच जळतात. जुन्या वायरींवरचं कापडी-रबरी आवरण हात लावताच भुगा होतं. काही जुन्या नियंत्रकांच्या आत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणून ते उघडूसुद्धा नका.

जुना ट्रान्सफॉर्मर फक्त संचाचा भाग म्हणून सांभाळायचा, वापरायचा नाही. इंजिन तपासायचंच असेल तर त्याचा व्होल्टेज ओळखून जाणकाराकडून आधुनिक, सुरक्षित पुरवठ्यावर तपासून घ्या. ‘तपासलेली नाही’ असं लिहून विकली तरी चालते. खरेदीदारांना त्याची सवय असते.

८. गंज चढलाय. घासून, रंगवून घेतली तर चांगली किंमत येईल ना?

उलट होतं. मूळ रंग कितीही टवके उडालेला असला तरी नव्या रंगापेक्षा त्याला जास्त किंमत मिळते. नवा रंग म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने वस्तूच बदलली. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत वडिलांच्या एका टेंडरवरची काळी पुटं भांड्यांच्या पावडरीने काढायला गेलो. पुटं गेली, आणि त्यांच्याबरोबर सोनेरी रेघा आणि अर्धी अक्षरंही गेली. ते टेंडर अजून माझ्या कपाटात आहे. विकायला नाही, लक्षात राहावं म्हणून.

मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, एवढंच. छापील पत्र्यावर पाणी, साबण, रॉकेल, थिनर काही नको. चालू गंज वाढत असेल तर वस्तू कोरड्या जागी हलवणं हा पहिला उपाय. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिकचे भाग मऊ पडतात. आणि महायुद्धाच्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा लहान मुलांच्या तोंडात ही खेळणी जाणार नाहीत असं पाहा.

९. खोकं फाटलंय, कसर लागलीय. टाकून देऊ?

नाही! खेळणं मुलं खेळत, खोकं आई फेकून देत असे. म्हणून खोकी कमी उरली, आणि काही डब्यांच्या बाबतीत रिकामं खोकं डब्याइतक्याच किमतीला जातं. सेलोटेपने चिकटवू नका, रबरबँड लावू नका, दोन्हींचे डाग कायमचे राहतात. आतले कागद, दुरुस्तीची चिठ्ठी, दुकानाचं लेबल, सगळं ठेवा. मेकॅनो कंपनीच्या माहितीपत्रकांवर खालच्या कोपऱ्यात छपाईचा बारीक सांकेतिक आकडा असतो. त्यात महिना आणि वर्ष दडलेलं असतं. मुंबईच्या एखाद्या जुन्या दुकानाचं लेबल असेल तर माझ्या दृष्टीने ते गाडीइतकंच मोलाचं.

१०. इंजिन धातूचं आहे, पण भेगा पडून तुकडे गळतायत. हे कशामुळे?

याला जस्ताचा रोग म्हणा. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाचा अंश मिसळला गेला की धातू आतून फुगतो, वाकतो, तडकतो. युद्धापूर्वीच्या डब्लो इंजिनांत आणि हॉर्नबीच्या ओतीव चाकांत तो नेहमी दिसतो. दमटपणाने वेग वाढतो. उपाय नाही. गोंदाने जोडून उपयोग होत नाही, कारण फुगणं चालूच राहतं. तो एका वस्तूतून दुसरीत पसरत नाही, त्यामुळे बाकीच्या गाड्यांची काळजी करू नका. विकताना हा दोष लपवला तर माल परत येतो, म्हणून भेगांचे जवळून फोटो द्या. चाकांची बदली मिळते, अख्ख्या सांगाड्याची सहसा नाही.

११. मग किंमत किती येईल?

आकडा सांगायच्या आधी चार गोष्टी पाहाव्या लागतात : कोणतं मॉडेल, कोणता रंग, किती मूळ, किती पूर्ण. वय हा त्यात सर्वांत कमी महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि नेमका त्यावरच सगळ्यांचा भर असतो. ‘ऐंशी वर्षं जुनी आहे’ एवढ्याने काही होत नाही. १९५० च्या दशकातले हॉर्नबीचे लहान चावीचे संच लाखो घरांत पोचले, आज ते ब्रिटनमध्ये शंभर पौंडांच्याही आत मिळतात. साधा मालडबा तर त्याहून कमी. ज्या पिढीने ते लहानपणी पाहिले ती पिढी आता थकली. तिचे संग्रह बाजारात येतायत आणि घेणारे कमी होतायत. पंधरा वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शक पुस्तकातला भाव आज धरू नका.

उलट टोकाला १९३७ चं हॉर्नबीचं ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’. त्याच नावाच्या खऱ्या इंजिनाने १९३६ च्या नोव्हेंबरात लंडन ते ग्लासगो न थांबता सहा तासांच्या आत गाठलं होतं, त्यावरून हे खेळणं निघालं. लाकडी पेटीत यायचं, तेव्हा किंमत पाच गिनी (सव्वापाच पौंड). चांगल्या स्थितीत, पेटीसकट, आज हजार पौंडांच्या आसपास आणि वरही जातं. पहिल्या महायुद्धाआधीच्या मोठ्या गेजच्या मर्क्लिन गाड्या, आणि विशेषतः मर्क्लिनची रंगवलेली पत्र्याची स्टेशनं, त्याच्याही कितीतरी पुढे जातात.

म्हणून ट्रंकेत इंजिन दिसलं तरी बाकीचं नीट पाहा. स्टेशन, सिग्नल, बोगदा, फलाटावरची माणसं, सामानाच्या छोट्या ट्रंका. एका कुटुंबाने रुळांच्या गठ्ठ्याला ‘हे भंगार’ म्हणून बाजूला ठेवलं होतं, त्यात शिशाचे हमाल आणि गार्ड कागदात गुंडाळलेले होते. रूळ खरंच फारसे विकले जात नाहीत, ती माणसं मात्र गेली.

१२. नेटवर अगदी तसंच इंजिन दोन लाखांना दिसलं. माझ्याला तेवढे मिळतील?

ती मागितलेली किंमत आहे. मागायला कुणी काहीही मागतं. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असा वेगळा शोध आहे. तिथे प्रत्यक्ष मिटलेले व्यवहार दिसतात. वस्तूची स्थिती, खोकं आणि गेज जुळणारे निदान पाच व्यवहार काढा, सर्वांत वरचा आणि खालचा सोडा, उरलेल्यांतून अंदाज बांधा. ब्रिटिश लिलावगृहांचे जुने निकालही त्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. त्या आकड्यातून विक्रेत्याचं कमिशन, विमा, वाहतूक वजा करा. हातात येणारी रक्कम बरीच खाली येते.

१३. सगळं एकत्र विकावं की सुटं?

मूळ संच, म्हणजे एकाच खोक्यात एकत्र विकत आणलेला, कधीही फोडू नका. पुढे जमवलेल्या वस्तूंचं वेगळं आहे. चांगली इंजिनं आणि दुर्मीळ डबे सुटे काढा, साधे डबे आणि रूळ गठ्ठ्याने द्या. सगळंच सुटं विकण्यात जास्त पैसे आहेत, पण वर्षभर रोज पोस्टात जायची तयारी हवी. नोकरी सांभाळून ते जमेल का, हे आधी ठरवा.

१४. कुठे विकायची?

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नेलीत तर त्याच दिवशी पैसे मिळतील. तिथला व्यापारी पुढे विकून पोट भरतो, त्यामुळे तो निम्म्याहून कमी देणार, आणि त्यात गैर काही नाही. फक्त अंदाज न काढता जाऊ नका. घरी येऊन ‘आत्ता रोख देतो, फक्त हे एक इंजिन द्या’ म्हणणाऱ्याला बहुधा त्या इंजिनाची किंमत तुमच्यापेक्षा नीट माहीत असते. आठवडाभर थांबा म्हणा. खरा गिऱ्हाईक थांबतो.

भारतात संग्राहक थोडे आहेत, पण आहेत. मुंबई, पुणे, कोलकाता, बंगळूरला रेल्वेप्रेमी एकमेकांना ओळखतात. तिथे योग्य माणूस भेटला तर वाहतुकीचा आणि निर्यातीचा त्रास वाचतो. साध्या युद्धोत्तर गाड्यांसाठी मी हाच मार्ग सुचवतो, कारण परदेशी पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीवर जातो.

खरोखर दुर्मीळ काही असेल तर ब्रिटनमधली खेळण्यांची खास लिलावगृहं : थॉर्नाबीचं व्हेक्टिस, न्यूबरीचं स्पेशल ऑक्शन सर्व्हिसेस. फोटो पाठवले की ते प्राथमिक अंदाज देतात. माल पाठवण्याआधी कमिशन किती, फोटोचे वेगळे पैसे आहेत का, न विकल्यास परतीचा खर्च कुणाचा, राखीव (म्हणजे त्याखाली न विकण्याची) किंमत ठेवता येईल का आणि तिथला आयात कर कोण भरणार, हे सगळं लेखी घ्या. १९६९ मध्ये स्थापन झालेली हॉर्नबी रेल्वे कलेक्टर्स असोसिएशन ही सदस्यांची संस्था आहे. हॉर्नबी ओळखण्यात तिथल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही.

१५. गाडी शंभर वर्षांहून जुनी निघाली तर ती परदेशी विकता येते का?

इथे थांबून विचार करा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार, ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. वस्तू मुळात परदेशात बनली होती, या सबबीवर सुटका होईल असं धरून चालू नका.

पूर्वी हा प्रश्न फक्त बिंग आणि जुन्या मर्क्लिनपुरता होता. आता हॉर्नबीच्या पहिल्या गाड्यांनीही शंभरी ओलांडली, आणि दर वर्षी यादी वाढत जाणार. खेळण्यातली प्रत्येक जुनी गाडी पुरावशेष असते असं नाही, पण ते ठरवायचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला आहे. वस्तू पुरावशेष नाही असा दाखला त्यांच्याकडून मिळतो. त्यासाठी फोटो आणि वर्णनासह अर्ज करावा लागतो. मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्याशी आहे. वय शंभरच्या आसपास, थोडं अलीकडचं असलं तरी दाखला घ्या, कारण कस्टमच्या अधिकाऱ्याला फोटोवरून १९२४ आणि १९३४ यांतला फरक कळत नाही.

देशातल्या देशात एखादी घरची वस्तू विकणं वेगळं. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो, वारशातली एक ट्रंक विकणं म्हणजे धंदा नव्हे.

१६. परदेशी पाठवताना बांधायची कशी?

इंजिन आणि पत्र्याचे डबे एकाच खोक्यात नको, जड इंजिन डबे चेपतं. प्रत्येक वस्तू आधी मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्राची शाई रंगाला लागते, आणि बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट रंगावर असेल तर उन्हात त्याच्या गोल खुणा उमटतात. स्प्रिंग पूर्ण उतरवून पाठवा. खरंच वाफेवर चालणारं इंजिन असेल तर पाणी आणि स्पिरिट पूर्ण काढा. जून ते सप्टेंबर शक्य तर टाळा. विक्रीसाठी पाठवताय तर ‘भेट’ असं खोटं लिहू नका. व्यापारी निर्यातीला आयात-निर्यात कोड लागतो, आणि विमा खऱ्या किमतीवरच मिळतो.

१७. ‘बाबांनी ही मला दिली होती’ असं मी म्हणतो, बहीण म्हणते तिचाही वाटा आहे. खरं कुणाचं?

मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं असेल तर तसं. नसेल, आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर वडिलांच्या स्वतःच्या जंगम वस्तूंवरही मुलगा, मुलगी, आणि तुमची आई व वडिलांची आई असतील तर त्यांचाही समान हक्क येतो. इतर धर्मीयांना वेगळे नियम आहेत. ‘लहानपणी मीच खेळायचो’ हा पुरावा होत नाही.

मी इतकंच सांगतो : किंमत कळायच्या आधी वाटणी ठरवा. विकायचं की ठेवायचं, पैसे कसे वाटायचे, कोण व्यवहार करणार, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आकडा कळल्यानंतर त्याच गोष्टी बोलणं फार अवघड होतं. आणि कुणाला पैशांपेक्षा एखादा डबा हवा असेल तर तो आधी द्या, तेवढ्याने किंमत ढासळत नाही (मूळ संचातला असेल तर मात्र प्रश्न १३ पाहा).

१८. विक्रीवर कर लागतो का?

वारसा मिळाला म्हणून कर नाही. भारतातला मृत्यूनंतरचा मालमत्ता कर १९८५ मध्ये रद्द झाला. विकल्यावर प्रश्न येतो. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तू साधारणपणे भांडवली नफ्याच्या बाहेर असतात, पण कलाकृती आणि पुरातत्त्वीय संग्रह यांना ती सूट नाही. खेळणं कशात बसतं हे तुमच्या परिस्थितीवर ठरतं. रक्कम मोठी असेल तर सीएला कागद दाखवा. सारख्या गाड्या विकत घेऊन विकत असाल तर तो धंदा, मग सगळंच वेगळं.

१९. आमची गाडी जपानी किंवा देशी पत्र्याची आहे. तिला काहीच किंमत नाही का?

जपानी पत्र्याच्या, बॅटरीवर चालणाऱ्या १९५०-६० च्या गाड्यांना स्वतःचे चाहते आहेत. तिथे चित्र जितकं झळझळीत आणि बॅटरीचा कप्पा जितका स्वच्छ तितकी किंमत. बॅटरी आत राहून पाझरली असेल तर ती ताबडतोब काढा.

देशी पत्र्याच्या गाड्यांना परदेशात फारशी मागणी नाही. तरी त्या टाकू नका. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, परदेशी खेळणी दिसेनाशी झाली, आणि आपल्या मुलांच्या हातात याच आल्या. त्यांची नोंद कुणी नीट ठेवलेली नाही. हॉर्नबीच्या प्रत्येक डब्यावर पुस्तकं आहेत, आपल्या पत्र्याच्या गाड्यांवर जवळजवळ काही नाही. अशी गाडी असेल तर मला तिचे फोटो पाहायला परदेशी इंजिनांच्या फोटोंपेक्षा जास्त आवडेल.

२०. गाड्यांबरोबर जीआयपी रेल्वेचा (आजच्या मध्य रेल्वेचं जुनं रूप) कंदील आणि बिल्लाही निघाला. तेही यातच धरायचं?

नाही, त्याचा बाजार वेगळा. खऱ्या रेल्वेच्या वस्तू गोळा करणारे लोक वेगळे असतात. आजोबा रेल्वेत होते याचा कागद, नेमणुकीचं पत्र किंवा निवृत्तीचं प्रमाणपत्र बरोबर ठेवा. वस्तू घरात कशी आली हे सांगता आलं पाहिजे. शंभर वर्षांचा मुद्दा इथेही लागू, प्रश्न १५ प्रमाणे.

२१. काका लंडनला होते, गाड्या तिथेच आहेत. इकडे आणू का?

विकायच्याच असतील तर आणू नका. गिऱ्हाईक तिथे आहे, लिलावगृह तिथे आहे. इकडे आणून पुन्हा पाठवण्यात दोनदा खर्च, दोनदा मोडतोडीची भीती. ठेवायच्या असतील तर जरूर आणा, प्रश्न १६ प्रमाणे बांधून.

२२. विकायची इच्छा नाही, पण मुलांना रस नाही. संग्रहालयाला देता येईल?

विचारून पाहा. न विचारता पार्सल पाठवू नका, संग्रहालयांकडे जागा आणि माणसं दोन्ही अपुरी असतात. दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. चालत्या प्रतिकृतींसाठी ते प्रसिद्ध आहे. विकायचं नक्की नसेल तर एकदा घरच्या मुलांना घेऊन तिथे जा. तिथून परत आलेल्या मुलांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावल्याचं दोन घरांतून मला कळवलं गेलं आहे.

देताना वस्तूंची यादी दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या, आणि प्रश्न १ मध्ये सांगितलेली घरातल्या माणसाची हकीकत त्या यादीला जोडा.